सतरा नंबर हिरवा होता

सोयाबीन निघालं की माझं नाक आधी ओळखतं, डोळे नंतर. दसऱ्याच्या आगेमागे गाडी सांवेरकडे वळली की पुढे ट्रॉल्यांची रांग, वर बांधलेली निळी तिरपालं, आणि हवेत ती कोरडी, खाजरी, जराशी तेलकट धूळ. सटासट चार शिंका. ड्रायव्हर बिचारा काच वर करतो, मी परत खाली करायला लावते. "मॅडम, एलर्जी है आपको." है तो है, भिया. वर्षातून पंधरा दिवस हा वास मिळतो, तो काय काचेआडून घ्यायचा?

ऑफिसात पोचते तर भिंतभर पडदा आणि पडद्यावर हिरवे ठिपके. आमच्या प्लॅटफॉर्मवर हजारांनी एजंट चालतात. एजंट म्हणजे माणसं नव्हेत, छोटे छोटे प्रोग्रॅम. कुणी ऑर्डर घेतो, कुणी तक्रार वाचून उत्तर लिहितो, कुणी गोदामात काय उरलं ते बघतो. माझ्या टीमचं काम एकच: यातला कोण जागेवर आहे आणि कोण नाही, यावर डोळा ठेवायचा. सकाळी मी आत शिरले की पोरं म्हणतात, "मॅम, सब ग्रीन है." आणि मी रोज तेच विचारते, "ग्रीन राहू दे. काम दाखव." मग ती एकमेकांकडे बघतात. मॅडम शक्की आहेत, असं पाठीमागे म्हणतात, मला ठाऊक आहे. आहेच मी शक्की. आमच्याकडे वारशात शेत नव्हतं, बंगला नव्हता. हा एक शक तेवढा मिळाला, आणि तो मी सोन्यासारखा सांभाळून ठेवलाय.

तो ज्या सीझनमध्ये मिळाला, त्याची ही गोष्ट. गोष्ट तरी कसली, धूळ नाकात गेली की जे जे आठवतं ते.

आमचं घर इंदूरला, परदेशीपुऱ्यात. आजोबा महूच्या पलटणीत होते, बाबा मिलमध्ये आले. रिंगखात्यात, म्हणजे जिथं सूत कातलं जातं तिथं, ते जॉबर होते. जॉबरनं रांगांमधून फिरत राहायचं, कुठल्या मशीनवर धागा तुटतोय, कुठला माणूस ढेपाळलाय, ते बघायचं. घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे आणि त्या खात्याच्या आवाजानं ते जरा मोठ्यानंच बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबा सगळ्या जगावर चिडलेत. नंतर कळलं, त्यांना फक्त ऐकू कमी येतं.

मग मिल बंद झाली. एक झाली, दुसरी झाली, बाबांचीही झाली. त्याच दिवसांत देश खुला होत होता म्हणे. आमच्या गल्लीत ते असं दिसायचं की एका टोकाला मिलच्या गेटवर कुलूप, आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर क्लासची चकचकीत पाटी. मी त्या पाटीखालून आत गेले. बाबा त्या कुलपापाशी बसून राहिले. पहिले काही महिने रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलवर गेटपर्यंत जायचे. तिथल्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, त्यांच्यासारखेच दहा-बारा जण. हळूहळू कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावी गेलं. पुलियावर बाबा आणि आणखी एक म्हातारा उरले. मग बाबांनी दाढी करणं सोडलं. मग जाणंही सोडलं. खाटेवर बसून भिंतीकडे बघायचे. आई ब्लाउज शिवता शिवता मला हळूच म्हणायची, "वैशू, हा माणूस माझ्यासमोर विझत चाललाय गं. काहीतरी कर."

मी काय करणार? मला नुकतीच नोकरी लागली होती. आमच्याच मोहल्ल्यात, एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांची कंपनी. मालक अनिलजी, जुनी इंदूर भागातले, तोंडात सतत सुपारी आणि डोक्यात सतत नवी आयडिया. एका तेल कारखान्याचं काम त्यांनी मिळवलं होतं. सांवेर तहसीलमधल्या चोवीस गावांत कारखान्यानं एकेक खरेदी केंद्र उघडलं. केंद्राच्या छतावर डिश, खोलीत कॉम्प्युटर, कॉम्प्युटरमध्ये मी लिहिलेला एजंट. तो इथून रोज शेतकऱ्यांच्या नंबरांची यादी घ्यायचा आणि तिथं पर्च्या छापायचा: कुणी कुठल्या दिवशी ट्रॉली घेऊन यायचं. म्हणजे कारखान्याच्या फाटकावर रांगेत दोन-दोन दिवस ताटकळायला नको. अनिलजी ह्या सगळ्याला तेव्हाच प्लॅटफॉर्म म्हणायचे. आम्ही हसायचो. इंदूरमध्ये प्लॅटफॉर्म म्हटलं की रेल्वेचा.

आता हे चोवीस एजंट जागे आहेत का, ते कुणी बघायचं? मी त्याची व्यवस्था केली होती. आमचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी प्रत्येकाला हाक मारायचा, आहेस का? एजंट म्हणायचा, आहे. आहे म्हटलं की पडद्यावर त्याच्या केंद्राच्या नंबरपुढे हिरवा ठिपका, शेजारी उत्तराला किती सेकंद लागले तो आकडा. उत्तर नाही आलं तर लाल. लाल दिसलं की केंद्राला फोन करायचा. बस. एवढ्यासाठी दिवसभर एक माणूस पडद्यासमोर बसायला हवा होता.

"सर, माझे बाबा बसतील," मी म्हटलं. म्हणजे हिंदीत म्हटलं आणि घाबरत म्हटलं.

अनिलजींनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "मिल वाले हैं ना? कम्प्यूटर समझेंगे?" मग माझं तोंड बघून म्हणाले, "चलो, ले आओ. सीज़न भर देखते हैं. जमे तो ठीक, नहीं तो बेटा, बुरा मत मानना."

बाबांना तयार करायला आईला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ते दाढी करून निघाले. हनुवटीवर कापलं होतं, त्यावर तुरटी लावलेली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तेव्हा चपला काढायची पद्धत होती. बाबांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि खुर्चीच्या कडेवर असे बसले, की कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पंचवीस वर्षं ज्याच्या नजरेनं अख्खं खातं सरळ चालायचं, तो माणूस माझ्या ऑफिसात चोरासारखा बसलाय!

मी समजावलं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे हाजिरी."

"हो, हाजिरीच समजा."

"कोण घेतं?"

"सर्व्हर."

"तो जाऊन बघतो का?"

"बाबा, जाऊन काय बघायचंय? ते उत्तर देतात ना!"

त्यांनी मान हलवली. त्यांचं मान हलवणं म्हणजे पटलं असं कधीच नव्हतं. पण लेकीच्या ऑफिसात वाद कशाला, असं मनाशी म्हटलं असणार.

आणि मग, काय सांगू, तीन-चार दिवसांत बाबा खुर्चीतून उठले. खरंच उठले. पडद्यासमोर दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, हात पाठीमागे, अशा फेऱ्या सुरू. खोली केवढी, दहा फुटांची! पण ते आपले रिंगखात्यात फिरावं तसे फिरताहेत. एक वही आणली, तिच्यात कुणाला उत्तराला किती वेळ लागला ते लिहायला लागले. कशाला लिहिता म्हटलं, तर म्हणे ओळख होतेय. आठ नंबर सकाळी सुस्त असतो. बारा नंबर दहाच्या सुमारास गडबडतो, तिथं तेव्हा गर्दी होत असेल. वीस नंबर भला माणूस आहे, सांभाळून घेतो. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमला कुणी भला माणूस म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी हसले, पण आतून कुठेतरी खूश झाले. घरी आई म्हणाली, "आज जेवताना तुझ्या बाबांनी मला वीस नंबरची हकीकत सांगितली. कोण गं हा वीस नंबर?"

त्या वर्षी सोयाबीन मस्त आलं होतं आणि आभाळ मात्र नीट नव्हतं. काढणी झालेली, माल अंगणात पसरलेला, आणि रोज दुपारी सांवेरच्या बाजूला ढग. ऑफिसच्या खिडकीतून दिसायचे. जो तो वर बघत होता. भिजलं सोयाबीन कुणी घेत नाही. अशा दिवसांत पर्ची वेळेवर मिळणं म्हणजे केवढी गोष्ट!

एका मंगळवारी बाबा माझ्या टेबलाशी आले. "वैशू, सतरा नंबरचं काहीतरी बिघडलंय."

मी वळून पडदा पाहिला. सतरा हिरवा. "चालू आहे की."

"कालपासून एका सेकंदात उत्तर देतोय. प्रत्येक वेळी एक. आधी चार, सहा, पाच असं असायचं."

"मग चांगलं आहे ना! सुधारला."

ते गेले. त्यांनी केंद्राला फोन लावला. तिथं मांगीलाल नावाचा माणूस बसायचा, त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा, "चाली री हे सा, मशीन तो चाली री हे!" दुपारी बाबा परत आले. संध्याकाळी परत. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझं डोकं दुसऱ्याच कशात तरी अडकलं होतं आणि मी ताडकन म्हटलं, "बाबा, हिरवं आहे, मांगीलाल पण चालू म्हणतोय, अजून काय पाहिजे? तुम्ही आता मिलमध्ये नाही आहात."

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. ते परत घेता येत नाही. बाबांनी मान हलवली, "बरोबर आहे," म्हणाले, आणि जाऊन खुर्चीच्या कडेवर बसले. मला अजूनही, इतक्या वर्षांनंतर, ती कडेवरची बैठक आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बुधवारी सकाळी खुर्ची रिकामी. वाटलं, चहाला गेले असतील. दहा वाजले, साडेदहा वाजले. घरी निरोप पाठवला, तर आई म्हणते ते कधीच निघाले. तेवढ्यात अनिलजी आले. रिकामी खुर्ची, समोर चोवीस नंबर, कारखान्याचे साहेब दुपारी येणार.

"पापाजी किधर हैं?"

मी खुर्चीकडे बघितलं.

"एक ही काम बोला था उनको. बैठने का." आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "शाम को बात करते हैं, बेटा."

शाम को बात करते हैं म्हणजे काय, ते मला कळत होतं. सीझन संपायच्या आतच बाबा परत खाटेवर. आणि या वेळी तिथून उठणार नाहीत. एकदा कुलूप लागलं ते मिलचं, सगळ्यांचंच. दुसऱ्यांदा लागलं तर ते एकट्या त्यांचं. मी त्यांच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिले. सतरा नंबर हिरवा. एक सेकंद. पाच मिनिटांनी परत, एक सेकंद.

बाराच्या सुमारास फोन वाजला.

"वैशू, मी सतरा नंबरमधून बोलतोय."

"बाबा! तिथं कसे गेलात?"

"बसनं. ऐक. इथं सोमवारपासून पर्ची निघालेली नाही. मांगीलालला वाटतंय तुम्ही नंबरच पाठवत नाही. तुम्हाला वाटतंय सतरा नंबर जागेवर आहे. आणि लोक दाराशी बसलेत. माल उघड्यावर पडलाय आणि आभाळ बघवत नाही. हे यंत्र बंद करून चालू करू का? तू म्हणशील तर करतो."

तू म्हणशील तर! "करा," मी म्हटलं. तेवढंच म्हणता आलं.

पडद्यावर सतरा लाल झाला. मग हिरवा. आणि मग फोनमधून प्रिंटरचा तो दात खाल्ल्यासारखा कर्कश आवाज, कर्रर्र, कर्रर्र, थांबेचना. मागे मांगीलाल ओरडतोय, "अरे निकली री हे, निकली री हे!" आणि माणसांचा एकदम उठलेला गलका. पुढच्या हाकेला सतरा नंबरनं उत्तर दिलं, नऊ सेकंद लावून. मग सात. मग परत नऊ. एजंटचे नऊ सेकंद बघून रडणारी या इंदूर शहरात मी एकटीच असेन.

चूक माझी होती. हाकेला ओ देण्याचं काम मी एजंटच्या मुख्य कामापासून वेगळं ठेवलं होतं. हुशारी केली होती. म्हटलं, तो कामात असला तरी ओ वेळेवर यायला हवी. झालं काय, तर सतराचं मुख्य काम अडकून पडलं, आणि ओ देणारा तुकडा बाजूला मजेत बसून दर पाच मिनिटांनी आहे, आहे म्हणत राहिला. मशीनला दुसरं काही काम नाही, त्यामुळे उत्तरही चटकन. मी पोरगी डिप्लोमा केलेली, मला हे दिसलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. केसांत धूळ, कॉलरवर धूळ, बसमध्ये उभं राहून आलेले. चपला काढून जोडून ठेवल्या. अनिलजी वाटच बघत होते. "कुर्सी छोड़ के गए. बता के जाना था ना."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. ते माझं नाव घेणार नव्हते, कधीच नाही. म्हणून मीच म्हटलं, "मुझे बताया था सर. तीन बार बताया था. मैंने नहीं सुना. और प्रोग्रॅम में गलती भी मेरी है."

अनिलजी थोडा वेळ सुपारी चघळायचं विसरले. मग बाबांना म्हणाले, "आपको पता कैसे चला? हरा तो था."

आणि बाबा बोलायला लागले. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, मराठी-हिंदी सगळं एकत्र. मिलच्या गेटवर पितळी बिल्ले असायचे, प्रत्येकाचा नंबर कोरलेला. आलास की आपला बिल्ला फळीवर टांगायचा, झाली हाजिरी. आता एखादा आलाच नाही, तर त्याचा दोस्त त्याचाही बिल्ला टांगायचा. फळी भरलेली आणि खात्यात मशीन रिकामी! म्हणून जॉबरनं फळीवर जायचं नाही, खात्यात जायचं. तिथं आवाज इतका, की हाक ऐकू येत नाही. जॉबर लांबून हात वर करतो, कामगारानं हात वर करून उत्तर द्यायचं. "अब साहब, जिसका हाथ धागे में है, तो वो जल्दी हाथ कैसे उठाएगा? पहले धागा जोडेगा, मग उठाएगा. और जो पीछे बैठ के बीडी पी रहा है, उसका हाथ फट्कन उठता है. बस. सतरा नंबर फट्कन उठा रहा था."

मी बाबांकडे बघत होते. लहानपणापासून हा माणूस मी पाहिला होता, आणि तो काय काम करतो ते मला त्या संध्याकाळी कळलं. भुवयांवरचा कापूस एवढंच मला माहीत होतं. पंचवीस वर्षं माणसांच्या हातांकडे बघून जे शिकले, ते त्यांनी कधीही न पाहिलेल्या यंत्रावर अचूक लावून दाखवलं, आणि तेही मी त्यांचं तोंड बंद केल्यावर, स्वतःच्या तिकिटानं जाऊन! अभिमान म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं होतं. तो छातीत इतका दुखतो, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम बदलला. एजंटनं नुसतं आहे म्हणायचं नाही; आहे म्हणताना शेवटची पर्ची कुणाची छापली तेही सांगायचं. आजही आमच्याकडे तसंच आहे. पर्च्या गेल्या, केंद्रं गेली, अनिलजींची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली. आताचे एजंट तर काय, बोलतात, लिहितात, माफीसुद्धा मागतात, आणि तितक्याच गोड भाषेत खोटंही सांगतात. पोरं नवनवी अवजारं आणतात, परदेशातले लेख वाचून दाखवतात. मी वाचते, चांगले असतात. पण त्यातलं जे शेवटी खरं निघतं, ते माझ्या बापानं बीडी पिणाऱ्या माणसाच्या हातावरून आधीच सांगून ठेवलेलं असतं. बाबा पुढे डोळे साथ देईनात तोपर्यंत त्या खोलीत फेऱ्या मारत राहिले. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पण सोयाबीनची धूळ उडाली की मला ते थकलेले, म्हातारे बाबा आठवत नाहीत. मला त्या बुधवारची संध्याकाळच आठवते. अनिलजी म्हणाले होते, "पापाजी, सीज़न के बाद भी आना पड़ेगा. इस लड़की पे कोई तो नज़र रखे." आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत बाबांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून फक्त विचारलं, "पोहे खाशील?" आम्ही उभ्यानं पोहे खाल्ले, वर शेव जास्त मागून घेतली.

घरी आई शिलाई मशीनवर बसली होती. बाबांनी हातपाय धुतले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि काही विशेष नाही अशा सुरात म्हणाले, "उद्यापासून डबा लागेल."

आईचा पाय थांबला. आजवर ते ऑफिसातून दुपारी जेवायला घरीच येत होते. सीझनपुरत्या माणसानं कसला डबा न्यायचा, असं त्यांच्या मनात असावं. त्यांनी मागितला नव्हता आणि आईनंही विषय काढला नव्हता. ती उठली. स्टुलावर चढून फळीच्या मागून मिलच्या दिवसांतला तो तीन पुडांचा डबा काढला, राखेनं घासला, पदरानं पुसला. झाकण बसतं का ते दोनदा बघितलं. आणि माझी आई, जिनं पंचवीस वर्षं कुणालाही न विचारता तो डबा भरला होता, ती तो हातात धरून उभी राहिली आणि एखाद्या नव्या नवरीसारखी हळू आवाजात म्हणाली, "अहो, किती पोळ्या ठेवू?"

"चार," बाबा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "नको, पाच ठेव. भूक लागते तिथं."